गोठ्यात खरं जनावर

बारा डिसेंबरला नाचणी पेरायची,
ही प्रेसिलाच्या माहेरची रीत.
करवंट्यांत माती, मातीवर चिमूटभर दाणे,
आणि फेबी, वय एक वर्ष आठ महिने,
एकेक दाणा वेचून परत मला देणारी.
"घे," म्हणते. "घे."
पेरलेलं परत करायचं नसतं, हे तिला कुठल्या भाषेत सांगू?
मी मूठ मिटतो,
तिची पाठ वळली की गुपचूप पुन्हा पेरतो.

खानापूर डेपोत मी कंडक्टर.
यंत्रातल्या रोलांची उरलेली शेपटं,
कडेला गुलाबी रेघ असलेली,
महिनाभर खिशात साठवली होती.
आज त्यांच्या कड्या करतोय, कडीत कडी.
गव्हाच्या पिठाची खळ,
निम्मी कागदाला, निम्मी फेबीच्या पोटात.
एका तुकड्यावर कन्नडात छापलंय
बेळगाव ते खानापूर, एक फुल.
माझी लेक अजून कन्नड वाचत नाही, मराठीही नाही.
तिला कागद वाचता येतो तो फाडूनच.

चांदणी समोरच्या किल्लेदारांची.
दिवाळीचा कंदील माळ्यावर ठेवताना
त्यांनी जरा उलटसुलट करून बघितला,
"पाच टोकं हाएत, चालतंय की," म्हणाले
आणि स्टूल घेऊन स्वतःच टांगायला आले.

कुलकुलं वळायला नवा कंगवा आणलाय.
प्रेसिला पिठाची गोळी दातांवर दाबते,
अंगठ्यानं सरकवते, शिंपला होतो.
फेबी दाबते, आणि दाबलेलीच राहते.
तिचीही तळली आम्ही,
चपटी, काळपट, मधे बोटाचा खड्डा.
डब्यात वरच्या थराला तीच आहेत.

गोठ्यासाठी माती गंगव्वानं दिली,
चाकावरून ओरबाडून, थेट पदरात.
तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या रांजण वळलेत,
मला साधी मेंढी जमेना.
फेबी मात्र एकापाठोपाठ एक गोळे मांडत सुटली.
"हा कोण?"
"भू."
"आणि हा, दाढीवाला योसेफ?"
"भू."
तीन राजे, तिन्ही भू.
मारियाला तिनं बराच वेळ हातात धरलं,
मग हळूच म्हणाली, "आई भू."

चोवीसच्या रात्री प्रेसिला मिस्साला गेली,
गाण्यात तिचा आवाज लागतो.
फेबी साडेआठलाच आडवी,
एका पायात मोजा, दुसरा कुठे तरी.
बारा वाजता घंटा वाजली तेव्हा
मी एकट्यानं बाळाला गवतात ठेवलं.
थंडी इतकी की बाळावर
तो दुसरा मोजा घालावासा वाटला.
सापडला असता तर घातला असता.

सकाळी अंगणातून फेबीची किंकाळी.
धावलो.
गोठ्यात गंगव्वाची शेळी.
तेरा दिवसांची नाचणी, बोटभर हिरवीगार,
चार घासांत साफ.
एक राजा पालथा, योसेफ करवंटीत.
गंगव्वा कुंपणावरून ओरडतेय, "अय्यो, बा इल्ली!"
शेळी ऐकते थोडीच.
आणि फेबी रडत नव्हतीच,
हसून हसून तिचा श्वास अडकला होता.
उरलेल्या काड्या उपटून
शेळीच्या तोंडाशी धरत होती.
"घे," म्हणत होती. "घे."

प्रेसिला दारात, केस ओले, हातात काठी.
काठी तशीच राहिली.
"एवढ्या वर्षांत," म्हणाली,
"आमच्या गोठ्यात खरं जनावर पहिल्यांदाच आलं."

दुपारी गंगव्वानं तांब्याभर दूध पाठवलं,
तांब्यात आम्ही कुलकुलं घालून परत केलं.
मला रजा नव्हती. तीनच्या गाडीला निघालो.
गणेबैलच्या थांब्यावर एका आजोबांचे सुट्टे परत करताना
खिशातून पैशांबरोबर आला
वाळून कडक झालेला, तडा गेलेला
एक भू.
त्यांनी तो हातावर घेऊन बघितला,
मग माझ्याकडे,
आणि तिकिटासोबत वरच्या खिशात ठेवून दिला.
मी मागितला नाही.